लाल दोऱ्याचे बांगडे

मालवणच्या समुद्रातले सगळे बांगडे मी नोकरीत असताना दोनदा मोजले. पहिल्यांदा ते अनंत भरले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा शून्याच्याही खाली गेले; म्हणजे समुद्रात मुळात जेवढे होते, त्याहून जास्त बांगडे लोक आधीच तिखल्याच्या कालवणात घालून खाऊन बसले होते. दोन्ही वेळा गणित बिनचूक होतं. कुणीही तपासावं. मी अतिशयोक्ती करतो ती फक्त माशांच्या लांबीत, लाटांच्या उंचीत आणि क्वचित वरिष्ठांच्या पोटाच्या घेरात. आकडेमोडीत कधीच नाही.

मी मत्स्यशास्त्रज्ञ. सावंतवाडीच्या एका शाळामास्तरांचा मुलगा. नोकरीचा हुकूम हातात घेऊन मी घरात नाचत आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

“काय काम आसा रे?”

“समुद्रात मासे किती आसत, ता मोजूचा.”

आईचे हात सुपातच थांबले. “मासे मोजूक सरकार पगार देता? मगे मी इतकी वर्सां बाजारातसून आणून मोजतंय, ता काय धर्मादाय?” आणि जरा विचार करून म्हणाली, “बरां, मोजून झाले की मगे काय करतलंस?”

हाच प्रश्न पुढे मला मुख्य कार्यालयानेही अनेकदा विचारला, पण आईइतक्या स्वच्छ भाषेत कधी विचारला नाही.

ऐंशीच्या दशकात आमचं मालवणचं केंद्र म्हणजे बंदराजवळच्या भाड्याच्या दोन खोल्या. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत बरण्यांमध्ये मासे. वास असा, की पोस्टमन टपाल फाटकाबाहेरूनच फेकायचा आणि वारा फिरला असेल तर पुढच्या घरात देऊन जायचा. घरमालकिणीचं मांजर आमच्या कृपेने इतकं फुगलं, की एकदा त्याच्यासमोरून उंदीर गेला तर ते माझ्याकडे बघू लागलं. कापून दे, म्हणत होतं.

काम सांगायचं तर सोपं. रोज सकाळी किनाऱ्यावर जायचं. लाकडी पट्टीवर बांगडा आडवा घालायचा, त्याचं नाक टोकाला टेकवायचं आणि शेपटी कुठे येते ते वाचायचं. मग पोट उघडून आत अंडी आहेत का बघायची. मग डोकं उघडून कानातलं हाड काढायचं. माशाच्या कानात तांदळाच्या कणीएवढं हाड असतं आणि त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. ती वाचली की माशाचं वय कळतं. असे पुष्कळ मासे वाचले, की समुद्रात पोरंटोरं किती, जाणते किती आणि पुढच्या साली जाळ्यात काय येणार, ह्याचा अंदाज बांधता येतो. बाहेरच्या माणसाला हे शास्त्र वाटतं. किनाऱ्यावरच्या कावेरीकाकीला ते काहीतरी वेगळंच वाटायचं. ही कावेरीकाकी म्हणजे मासे विकणाऱ्या बायकांची अनभिषिक्त राणी. तिचा आवाज देवबागला सुटला की आचऱ्याला लोक खिडक्या लावून घेत. पहिल्याच दिवशी ती माझ्या पट्टीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मेल्या, तू मासो इकत घेतंस काय लगीन जुळवतंस? लांबी बघतंस, वय बघतंस, पोटात काय आसा ता बघतंस! पत्रिका हवी काय बांगड्याची?”

तेव्हापासून किनाऱ्यावर माझं नाव ‘भटजी’ पडलं.

घरीही मान काही वेगळा नव्हता. जामसंड्याची सुमन लग्न होऊन माझ्या घरी आली, ती बिचारी मत्स्यप्रेमापोटी. माशांच्या साहेबाशी लग्न म्हणजे रोज ताटात इसवण, म्हणजे सुरमई, असं तिच्या माहेरच्यांनी तिला भरवलं होतं. प्रत्यक्षात आमच्या घरी येणारा प्रत्येक बांगडा आधीच शवविच्छेदन होऊन यायचा. पोट उघडं, डोकं फोडलेलं, एक कल्ला बेपत्ता.

“अहो, ह्या घरात कधीतरी अख्खो बांगडो शिजतलो काय?” ती विचारायची.

“शास्त्रासाठी थोडा त्याग करावा लागतो.”

“त्याग बांगड्यान केलो. तुमी काय केलास?”

असे सुखाचे दिवस चालले असताना मुख्य कार्यालयाला मालवणची आठवण झाली. ती होऊ नये म्हणून मी किती वर्षं जपत होतो! वरून विचारणा आली: मालवणच्या समुद्रात बांगडे एकूण किती, ते सांगा. सांगता येत नसेल तर केंद्र बंद करू आणि तुम्हाला घाटावरच्या एका कोरड्या जिल्ह्यात तळ्यातल्या माशांच्या केंद्रावर पाठवू. मी चौकशी केली. त्या जिल्ह्यात मासा फक्त राशीत असायचा. आणि ते तळं अजून खणायचं होतं.

सुमनने ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “तुमी जावा. तळ्याक पाणी लागला की माका कळवा. तवसर मी जामसंड्याक आसय.”

झालं! बांगडे मोजले नाहीत तर नोकरी तळ्यात आणि बायको जामसंड्यात. आता मोजणं भाग होतं.

समुद्रातले मासे मोजायची एक जुनी युक्ती आहे. समजा, डब्यात कुळीथ किती ते काढायचं आहे. मूठभर कुळीथ काढा, लाल रंगवा, परत डब्यात टाका, डबा हलवा. आता पुन्हा मूठ भरा. त्या मुठीत लाल दाणे पुष्कळ निघाले तर डबा लहान; क्वचित एखादा निघाला तर डबा मोठा. त्रैराशिक मांडलं की सगळा डबा मोजून होतो. हे मी सुमनला प्रत्यक्ष डबा घेऊन समजावलं. ती म्हणाली, “कुळीथ मोजून खंय नेतलास? पिठी करूची.” पण युक्ती तिला पटली.

तसंच बांगड्यांचं. जिवंत पकडायचे, पाठीच्या पराखाली सुईने लाल प्लॅस्टिकचा बारीक दोरा ओवायचा, दोऱ्याच्या टोकाला नंबर, आणि सोडून द्यायचे. पुढे ते कुणाच्या जाळ्यात सापडले की त्यांनी दोरा आणून द्यायचा. आणून देणाऱ्याला बक्षीस म्हणून एक टॉर्च. टॉर्चींचं खोकं वरूनच आलं. मी बंदरावर मोठा कागद लावला: चिन्हांकित मत्स्य आढळल्यास नजीकच्या केंद्रात जमा करावा व टॉर्च घेऊन जावी.

दोरे सोडायच्या दिवशी सुमन म्हणाली, “नव्या कामाक नारळ नको? मी येतंय.” आली. हिरवी साडी नेसून होडीत बसली, दर्याला नारळ दिला, हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली. मग मी पिंपातून एकेक बांगडा काढू लागलो. बांगडा हा अत्यंत चिडका प्राणी आहे. हातात धरला की तो असा थरथरतो, की माणसाला आपण विजेची तार धरली असं वाटावं. एकाने माझा चष्मा उडवला, दुसऱ्याने होडीवाल्याची विडी विझवली. तरी मी हटलो नाही. प्रत्येकाला दोरा ओवायचा, नंबर चुकू नये म्हणून तोंडाजवळ धरून मोठ्याने म्हणायचा, आणि पाण्यात सोडायचा. सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी काही शे बांगडे सोडले. काही हजार म्हटलं तरी चालेल, आता ऐकणारे कोण उरलेत?

आजूबाजूला मासेमारीच्या होड्या उभ्या होत्या. लोक जाळी ओढायचं सोडून आमच्याकडे बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. मालवणच्या समुद्रात माणसं गप्प बसली, तिथेच मला संशय यायला हवा होता. मला वाटलं, शास्त्राचा प्रभाव.

मग मी दोऱ्यांची वाट बघत बसलो. आठवडे गेले, बांगड्यांचा हंगाम रंगात आला, किनाऱ्यावर चांदीचे ढीग पडू लागले, आणि एकही दोरा परत आला नाही. टॉर्च घ्यायला एक माणूस फिरकला नाही! फुकट टॉर्च मालवणात कुणी सोडतो? मी रोज खोकं उघडून टॉर्ची पेटवून बघत बसायचो.

एक मात्र घडत होतं. कावेरीकाकी मला भटजी म्हणायची बंद झाली. ती आता लेकाला म्हणावं तसं “झिला” म्हणायची आणि उत्तम इसवणीचा तुकडा पानात बांधून द्यायची. “घरात दी. तिका खावक घाल. बरां आसता.” बायका सुमनला वाटेत थांबवून तिची तब्येत विचारायच्या. मला वाटलं, माझा आदर आता घरापर्यंत पोचला.

अखेर हिशेब पाठवायची वेळ आली. डब्यातल्या कुळथाचं त्रैराशिक आठवा. मुठीत लाल दाणा एकही नाही, तर डबा केवढा? शून्याने भागायचं. शाळेत मास्तर सांगतात, शून्याने भागू नये. पण माझ्यापुढे तळं होतं, तेही न खणलेलं. मी छाती पुढे काढून लिहिलं: मालवणच्या समुद्रातील बांगडे, अनंत.

ह्या उत्तराचा परिणाम असा झाला, की बोकीलसाहेब स्वतः जीप घेऊन आले. बोकीलसाहेब आमच्या खात्याचे मुख्य गणिती. कट्टर शाकाहारी. मासा त्यांनी आयुष्यभर फक्त रकान्यात पाहिलेला. खोलीत शिरताच त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि तो स्वतःहून काही काढला नाही.

“अनंत?” रुमालातून आवाज आला.

“हो साहेब.”

“अनंत हा आकडा शासनाला चालत नाही. रकान्यात मावत नाही.”

“आठ आडवा काढला की मावतो, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला ते तळं स्पष्ट दिसलं. जमिनीला भेगा पडलेल्या, मध्ये एक शेळी.

“एवढ्या टॉर्ची कसल्या? इथे वीज नाही?”

“बक्षिसाच्या आहेत साहेब. अजून कुणी मागितल्या नाहीत.”

“म्हणजे तुम्ही एकही मासा सोडलेला नाही,” साहेब म्हणाले. “उद्या सकाळी मला एक दोरा दाखवा. माशासकट. एक! नाही दाखवलात तर केंद्राला कुलूप आणि तुम्ही तळ्यावर.”

सकाळी मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागायची होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अजस्र जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात जाते आणि अर्धा वळसा घालून परत किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसं जाळं बाहेर ओढतात. म्होरक्या तांडेलापासून वाटेने जाणाऱ्या वाटसरूपर्यंत, जो दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा, हा रिवाज. त्या रापणीचा तांडेल बाबल. माणूस डोलकाठीसारखा उंच, आणि हळू बोलला तरी वेंगुर्ल्यापर्यंत ऐकू जाणारा.

ओढणं सुरू झालं. साहेब पॉलिशचे बूट घालून वाळूत उभे. एक लाट आली, साहेबांच्या पायाखालची वाळू घेऊन गेली, आणि साहेबांनी आधाराला समोरची दोरी धरली.

“सायबाचो हात लागलो!” बाबल ओरडला. “सायबाक वाटो!”

“नको, नको!” साहेब ओरडले, पण दोरी सोडली तर ते पडणार होते. तेही ओढत राहिले.

जाळं वर आलं. वाळूवर चांदी उसळली. मी गुडघ्यांवर पडून शोधू लागलो, आणि देवाशपथ सांगतो, माझ्या नाकासमोर एका बांगड्याच्या पाठीवर लाल दोरा फडफडत होता! मी झेप घेतली. पण बाबलचा हात लांब. त्याने डोक्यावरची टोपी काढली, बांगडा ओंजळीत उचलला, कपाळाला लावला आणि लाटांकडे चालू लागला.

“बाबल! खंय नेतंस?”

“घाबरू नका सायबानू. सोडतंय.”

“सोडू नको!”

“तुमी निर्धास्त ऱ्हवा. आमी आजूनसर एकपण मारूक नाय. जितके गावले तितके सोडले.”

म्हणजे दोरे सापडत होते! कावेरीकाकीने तेवढ्यात पाण्याची बादली पुढे केली आणि बाबलने बांगडा तिच्यात ठेवला. मी त्याला बाजूला ओढलं.

“का सोडता? कित्याक?”

बाबलने आधी साहेबांकडे बघितलं, मग मान खाली घालून त्याच्या परीने कुजबुजला. जेवढे पक्षी होते तेवढे उडाले. “तुमचो नवस.”

“माझो कसलो नवस?”

“सायबानू, नवस बोलान दाखवचो नसता, फुकट जाता. म्हणान आमी गप ऱ्हवलंव. पण आमी काय आंधळे? लगीन होवन इतके दिस झाले, घरात पाळणो नाय. बायलेक हिरव्या लुगड्यात होडयेत बसयलास. दर्याक नारळ दिलास. जित्या बांगड्याक लाल दोरो बांधलास, कानात मंत्र सांगलास आणि सोडलास. लोक देवाक एक कोंबो सोडतत. तुमी शेकड्यांनी बांगडे सोडलास! आमच्या बायलांच्या डोळ्यांत पाणी इला.”

“अरे, पण मी बंदरार कागद लावलंय ना? मासो आणा, टॉर्च न्हेवा!”

“वाचलो. पण देवाचो दोरो आणि सरकारचो कागद, दोगांत खरो कोण? टॉर्चीसाठी कोणाचो पाळणो मोडूचो?” आणि बाबल वाळूवर थुंकला.

मी सगळ्यांना गोळा करून ओरडून सांगितलं, की नवस वगैरे काही नाही, ते नंबर होते, मंत्र नव्हेत. लोक समजूतदारपणे मान हलवू लागले. कावेरीकाकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “बरोबर आसा, झिला. नायच म्हणूचा. बोलाचा नाय.” मी जितका नाकारत गेलो तितका नवस पक्का होत गेला. आणि मग बाबलने हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! आज हो घाटावरचो मोठो सायब आणि हो आमचो बांगड्यांचो सायब तुझ्या दर्यार इलेसत...”

“व्हय म्हाराजा!” सगळा किनारा गर्जला.

“ह्या सायबान तुका बांगडे सोडल्यान हत, तेची मोजदाद तूच कर...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि येत्या शिमग्याच्या आत तेच्या घरात पाळणो हालय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हे काय चाललंय?” बोकीलसाहेबांनी विचारलं.

“साहेब, स्थानिक पातळीवर आकडेवारीची खातरजमा.”

तेवढ्यात साहेबांना बादलीतला लाल दोरा दिसला. “ती... ती खूण आहे?”

“हो साहेब.”

“मग घ्या ना ती! बघत काय बसलात?”

पण बाबलने बादली उचलली होती आणि तो गुडघाभर पाण्यात शिरला होता. मी मागून धावलो. “बाबल, हो मासो माका व्हयो. काय केल्यार गावतलो?”

“नवस फळल्यार. फळलो काय मासो तुमचो. तवसर देवाचो.”

वाचकहो, एका बाजूला ते न खणलेलं तळं आणि त्यातली शेळी. दुसऱ्या बाजूला जामसंड्याला निघालेली सुमन. मध्ये एक बांगडा. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, “फळलो!”

मला आठवतंय, एक लाट फुटता फुटता थांबली.

“काय म्हणालंस?” कावेरीकाकीने विचारलं.

“नवस फळलो! सुमनक दिवस गेले!”

मग जो कल्लोळ झाला, तो मी वर्णन करू धजत नाही. माणसांनी माणसांना उचललं, दोघं आनंदाने समुद्रात पडले, कुणीतरी बोकीलसाहेबांना मिठी मारली. बाबल बादली घेऊन परत आला, आणि साहेबांनी दोरी ओढलेली असल्यामुळे रिवाजाप्रमाणे त्याने तो बांगडा साहेबांच्याच हातात ठेवला. “तुमचो वाटो, म्हाराजा.”

बांगड्याने साहेबांच्या गालावर शेपटी मारली. रुमाल गळून पडला. साहेबांनी बांगडा सोडला नाही. डोळे बारीक करून त्यांनी दोऱ्यावरचा नंबर वाचला, पुन्हा वाचला, आणि ते लहान मुलासारखे हसले. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा जिवंत आकडा हातात धरला होता. “केंद्र चालू राहील,” ते म्हणाले. “आणि हो, अभिनंदन.”

अभिनंदन म्हटल्यावर मला घर आठवलं. सुमनला हे सगळं कुणी सांगायचं? मी धावत सुटलो. पण कोकणात बातमीच्या आधी घरी पोचलेला नवरा अजून जन्माला यायचाय. कावेरीकाकी टोपली टाकून माझ्यापुढे निघून गेली होती. मी फाटकाशी पोचलो तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. कुणी लोणचं आणलं होतं, कुणी ओटीचे तांदूळ. मधोमध पायरीवर सुमन बसली होती. तिचा चेहरा कसा होता ते मला वाचता येईना. माशांच्या कानातलं वाचतो मी. बायकोच्या चेहऱ्यावरचं शास्त्र वेगळं.

बायका गेल्या. मी दारातच उभा.

“सुमन, ता काय झाला...”

“तुमका कोणी सांगल्यान?” ती म्हणाली. “मी आजून जामसंड्याक आवशीक पण कळवूक नाय. पक्की खात्री होयसर कोणाक सांगाचा नाय, असा ठरयलंय. आणि तुमी दांडयेर जावन बोंबललास? तुमका सांगल्यान कोणी?”

मी खाली बसलो. खोटं बोलायला गेलेला माणूस खरं बोलून आला, की त्याची जी अवस्था होते ती माझी झाली.

“बांगड्यान,” मी म्हणालो.

ती पायरीवरून उठली. “मगे तेका सांगा, माका एक अख्खो बांगडो व्हयो. कापूचो नाय, मोजूचो नाय. डोळे, कान सगळां जाग्यार आसलेलो.”

तो मी आणला. पट्टीवर ठेवण्याचा मोह फार झाला, पण आवरला.

नवस फळला म्हटल्यावर बंधन सुटलं. दुसऱ्या दिवसापासून लोक लाल दोऱ्याचे बांगडे घेऊन केंद्रापुढे रांग लावू लागले, टॉर्ची संपल्या, आणि अनंताचा एक बरा, सुटसुटीत, रकान्यात मावणारा आकडा झाला. इथेच मी थांबलो असतो तर शास्त्राचं भलं झालं असतं. पण पुढच्या साली पुन्हा मोजायचं ठरलं, आणि तोवर आमच्या घरात मुलगी झाल्याची, “सायबाक चेडू झाला” अशी वार्ता देवगडपासून रेडीपर्यंत गेली होती. बांगड्याला लाल दोरा बांधला की नवस फळतो! लोकांनी घरचे दोरे काढले. कुणी मुलाच्या मॅट्रिकसाठी बांगडा सोडला, कुणी कोर्टातल्या दाव्यासाठी. एका दुकानदाराने तर समोरचं दुकान बुडावं म्हणून सोडला. मी जेवढे दोरे सोडले होते, त्याहून कितीतरी जास्त परत आले. त्रैराशिक मांडलं तर समुद्रात मुळात होते त्याहून जास्त बांगडे आम्ही पकडून बसलो होतो. आम्ही समुद्राला मासे देणं लागत होतो!

बोकीलसाहेबांचा शेरा आला: हा आकडा छापू नये. आणि खाली त्यांच्याच बारीक अक्षरात: आपल्याकडे एखादा दोरा शिल्लक आहे का? धाकट्या मुलीचं लग्न जमत नाहीये.

पाठवला. जमलं.

पुढची वर्षं मी अहवाल लिहिण्यात घालवली. लहान मासे पकडू नका, अंडी घालायच्या दिवसांत जाळी टाकू नका, आता मोठे ट्रॉलर आलेत तर जरा जपून. उत्तम कागद, सुंदर तक्ते. त्या अहवालांमुळे एकही बांगडा कुणी पाण्यात परत सोडल्याचं मला माहीत नाही. बांगडे माझ्या पट्टीवर दरवर्षी थोडे मागे मागे राहत गेले. त्यांची शेपटी पूर्वी जिथे यायची, तिथे आता नुसतं लाकूड दिसायचं.

निवृत्त झालो त्या हंगामात दांडीवर फिरायला गेलो. बाबल पालथ्या होडीला टेकून जाळं शिवत बसला होता. डोलकाठी आता वाकली होती, आवाज मात्र तसाच.

“सायबानू, गेल्या सोमारी तुमचो एक गावलो.”

“माझो काय?”

“बांगडो. लाल दोऱ्याचो.”

बांगडा चार-पाच वर्षांपलीकडे जगत नाही. हे मीच लिहिलंय, कानातली हाडं वाचून, दोन ठिकाणी. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण बाबलसमोर मी नवशिका. तरी तोंडातून निघून गेलं, “मगे? काय केलंस?”

बाबलने सुई जाळ्यात खोवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या अडाण्याकडे बघावं.

“तुमचा चेडू बाळंतपणाक इलासा, असा आयकलंय. मारतलंय कसो? सोडलंय.”